ओरालियाचं बीजगणित

लाडक्या पपांना डेल्फिनाकडून दोन्ही गालांचे मुके.

मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा दुखतो का अजून?

कॉलेजात जरा वाजलं. द्राक्षमळ्यात राबणारी ओरालिया, वय बावन्न, माझ्या बीजगणिताच्या वर्गात दोनदा नापास. विभागप्रमुख म्हणाले, "काढा तिला. निकाल खराब होतो."

"मग मलाही काढा," मी म्हटलं. माझा करार वर्षाचाच आहे, पण तुम्ही काळजी करू नका.

काल विभागप्रमुखांसमोर ती फळ्यावर गणित सोडवताना अडली. ते हसले.

"थांबा की साहेब, माझं संपलंय कुठं?" असं म्हणत तिनं चूक स्वतःच खोडली आणि उत्तर काढलं.

कराराचं अजून कळलेलं नाही. तरी पुढच्या वर्गाच्या यादीत तिचं नाव मी आजच घातलंय.

तुमच्याइतकीच हट्टी,
डेल्फिना