काळमळ

ता. ४ जून

चि. बटण्यास, ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. तुझे भावजी गुडघ्याला तेल चोळत बसलेत. पण लिहायचंय ते आईबद्दल. परवा तिच्या शिवणाच्या दुकानात गेले होते. मशीन चालवता चालवता तिनं मला विचारलं, किल्लूप कुठं ठेवलंस म्हणून. किल्ली नि कुलूप एकत्र! मी हसून म्हटलं, आई, पास. तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हिला हसायला काय झालं.

तुला आठवतंय ना, दोन शब्द जोडून नवा शब्द केला की ती पायडल थांबवायची आणि एकेकाचं तोंड न्याहाळायची. परक्या माणसाला न समजावता कळला तरच शब्द पास, आणि ज्याचा पास त्याला त्या दिवशी भांडी माफ. या वेळी पायडल थांबलंच नाही, बटण्या.

काळजी आणि तळमळ जोडून तिनंच 'काळमळ' केला होता. आता तिच्याच पायी मला ती लागलीय. इस्त्री, गॅस, रस्ता ओलांडणं, नको नको ते डोळ्यांपुढे येतं. मला वाटतं दुकान बंद करावं, मशीन विकावं आणि तिला माझ्याकडे आणावं. तुझं काय म्हणणं, लगेच कळव.

थोरांना नमस्कार सांगावा तर तुझ्याकडे थोर कुणी नाही, म्हणून लोभ तुझ्याचकडे मागते.
तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ताई, तू राईचा पर्वत करतेस. आई आपल्या जन्माच्या आधीपासून शब्दांना टाके घालतेय. तुझा मात्र आजवर एकही शब्द पास झाला नाही, भांडी जन्मभर तूच घासलीस, त्याचा राग तर काढत नाहीस ना? आमच्या लिफ्ट दुरुस्तीवाल्यांत तिचा 'दुपाळस' इतका रुळलाय की जेवणानंतर मुकादमच ओरडतो, दुपाळस झटका आणि उठा. अशी बाई किल्लीत कुलूप मिसळणारच की.

मशीन विकायचं तेवढं मनात आणू नकोस. ते गेलं तर ती हातपाय गाळून बसेल.

कळावे. रागडू आलं, म्हणजे राग नि रडू दोन्ही, तर पत्रातून पाठव, पण माया कमी करू नकोस.
तुझा बटण्या

ता. २० जून

चि. बटण्यास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या तोंडात साखर पडो! काल आईनं माझ्याकडे 'सुईत्री' मागितली आणि पायडल थांबवून मिश्कीलपणे बघत बसली. मी सुई आणि कात्री दोन्ही पुढे केल्या. ती हसली, गिऱ्हाईकही हसलं. मीच वेडी. उगाच तुझा जीव टांगणीला लावला. मशीन विकायचं तूर्त राहू दे.

हल्ली ती पायडल जरा जास्तच वेळा थांबवते, एवढंच.

तब्येत सांभाळ, आणि चिडवायचं सोडून बाकी लोभ तसाच ठेव.
तुझी ताई

ता. २२ जून

चि. बटण्यास, आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापाशीच ठेव. त्या दिवशी मी किल्लूप म्हटलं ते मला कळलंच नाही रे. ताई हसली, मग उमगलं. तेव्हापासून शब्द अडला की हाताला लागतील ते दोन तुकडे मुद्दाम टाचते आणि पायडल थांबवते. तिला वाटतं खेळ चाललाय. ती हसते, आणि मी खाली मान घालून पुन्हा पायडल मारते.

गेल्या आठवड्यात एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. कुणी यायच्या आत उसवल्या. मला भीती वाटते. ताईला सांगू नकोस, ती माझं मशीन काढून घेईल. तिची माया मला ठाऊक आहे, तिचा धाकही ठाऊक आहे.

जेवत जा वेळेवर. आईवर लोभ करावा हे काय लिहायचं, तो असतोच.
तुझी आई

ता. ३० जून

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जिन्यात बसून रडलो. ताईला दिसत होतं आणि मी तिची चेष्टा करत होतो, याची लाज वाटते.

मी तिला काही सांगणार नाही. पण तू सांग. लिफ्ट अडकते म्हणून आम्ही इमारत पाडत नाही, आई. पण आतल्या माणसानं घंटा तर वाजवायला हवी ना? मशीन कुणी नेणार नाही, त्यासाठी ताईशी मी भांडेन. रजा मिळाली की येतोच.

पाया पडतो. तुझ्या आशीर्वादावरच माझं चाललंय.
तुझा बटण्या

ता. १४ जुलै

चि. बटण्यास, अनेक आशीर्वाद.

आई गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "मला शब्द सापडत नाहीत गं." साधं, सरळ, काही न जोडता. तुला आधीपासून माहीत होतं हेही तिनं सांगितलं. आधी मला रागडूच आलं. मग तिला जवळ घेतलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. हे थोपवता येईल, पुसता येणार नाही, असं ते म्हणाले. औषध सुरू केलंय. मशीन आहे तिथंच आहे. मीच दुपारपासून दुकानात स्टूल टाकून बसते. इस्त्री मी करते, बाह्या लावताना बघते, ती माझ्यावर खेकसते. काळमळ काही गेली नाही, पण आता ती आम्हा दोघींत वाटली गेलीय.

काल एक बाई आपल्या आईचा गाऊन शिवायला आली. आई मशीनवर होती. कसा हवा, म्हणून तिला विचारायचं होतं आणि शब्दच येईना. ओठ नुसते हलत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, सैलांब हवाय का? बाई म्हणाली, हो, सैलांबच, आणि खिसा मोठा ठेवा. तिनं अर्थसुद्धा विचारला नाही.

पायडल थांबलं. आईनं त्या बाईचं तोंड पाहिलं, मग माझं.

"पास," ती म्हणाली. "आज भांडी मी घासते."

ये लवकर. तुझा लोभ पत्रातून पुरेनासा झालाय.
तुझी ताई