अर्थ नसलेली पानं

बाई, तुमच्या अमरावतीच्या टायपिंग क्लासमधल्या मशीनी जुन्या राज्याच्या, आपण मध्य प्रदेशात होतो तेव्हाच्या, हिंदीच्या होत्या. त्यांच्यावर 'ळ' नव्हता. तेवढी जागा मोकळी सोडून आम्ही तो पेनानं भरायचो. वलगावहून बसनं येऊन मी त्यांच्यावरच बोटं बसवली, न बघता टाइप करू लागले, आणि मग कळलं की अकोल्याच्या ज्या कचेरीत माझी परीक्षा होती, तिथं नव्या मराठी मशीनी आल्यात आणि त्यांच्यावर अक्षरांच्या जागाच वेगळ्या आहेत. बाबा दुसऱ्याच्या शेतात राबायचे. नोकरीच्या दारापर्यंत पोचलेली घरातली मी पहिलीच. मी बाकावर बसून रडते आहे आणि तुम्ही समोर उभ्या आहात. "काहून रडून राहिली? आधी मशीन पाहा लागन."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीनं अकोल्याला गेलात. कचेरीत कुणी आत घेतलं नाही. मग कोर्टाबाहेर तसलीच मशीन घेऊन बसलेल्या टायपिस्टकडून तुम्ही गल्लीतल्या नळाबद्दल अर्ज टाइप करून घेतलात, एकेक शब्द सावकाश सांगत, नजर त्याच्या बोटांवर ठेवून. "तो म्हने, बाई, नळ कोन्त्या गल्लीतला? मी म्हनलं, थांबा, आठवून राहिली," हे सांगताना तुम्ही हसलात. एका अर्जात सगळी अक्षरं येईनात, म्हणून दुसरा केलात, दिव्याच्या खांबाबद्दल. परत आल्यावर फळ्यावर खडूनं सगळ्या अक्षरांच्या नव्या जागा काढल्यात.

नवी मशीन कुठून आणणार? तुम्ही म्हणालात, बोटं अकोल्याची चालव, कागदावर काय उमटते ते पाहू नको. मी 'कमल' टाइप करायची, कागदावर 'तसव' यायचं. पानंच्या पानं तशी, कशाचाच अर्थ नाही. आणि तुम्ही ती चष्मा लावून ओळीनं वाचायचात. "इथं 'ग' पडला, 'व' पाह्यजे होता." निरर्थकातली चूक तुम्हाला दिसायची. त्यासाठी तुम्ही स्वतः किती घोकलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यातलं एक पान बाबांनी कौतुकानं गावातल्या मास्तरांना दाखवलं. मास्तर म्हणाले, ही भाषाच नाही. दुसऱ्या दिवशी बाबा कामाचा खाडा करून क्लासच्या दारात उभे राहिले. तुम्ही त्यांना आत बोलावून स्वतःची खुर्ची दिलीत. बाबा टेकले, पण अर्धेच.

"बाई, पोरीले येत नाही का काही?"

"भाऊ, हे अकोल्याचं मराठी हाय. इथल्या मशीनवर असंच दिसते. तिथं बराबर दिसन."

बाबांना किती कळलं कोण जाणे. पण घरी येऊन आईला त्यांनी तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

परीक्षेच्या खोलीत मी पहिली ओळ टाइप केली आणि न राहवून कागदाकडे पाहिलं. शब्द वाचता येत होते. इतक्या दिवसांनी माझ्या हातून मराठी उमटत होतं. क्षणभर हात थांबलेच, मग चालले. नोकरी लागली. निवृत्तीच्या आधी कचेरीत संगणक आले. यंत्रानं काय करायचं त्याचे हुकूम काळ्या पडद्यावर टाइप करायचे, आणि एका खोलीतला हुकूम दुसऱ्या खोलीतल्या यंत्राला समजायचा नाही. लोक यंत्राला शिव्या द्यायचे. मी त्या यंत्रापाशी जाऊन बसायची, त्याला काय कळतं ते आधी बघायची. माझ्यात एवढी चिकाटी कुठून आली, असं साहेब विचारायचे, तेव्हा मी तुमचं नाव सांगायची.

हे पत्र कुठं धाडणार? तुम्ही जाऊन किती वर्षं झाली. एक मात्र सांगून टाकते. क्लासमधल्या सगळ्या मुली तुम्हाला घाबरायच्या, म्हणून मीही मान खाली घालून बसायची. मला तुमची भीती कधीच वाटली नाही.