कमरेवरचा चटका

३ तारीख, सोमवार

आणि त्या वॉचमनला पगार कसला देतात? दारात बसायचं, येणाऱ्याला अडवायचं, एवढंच काम. तर हा बाबा घरोघर पार्सलं पोचवतो, दिसेल त्या पोराचा गाल ओढतो! आज नातीच्या, आमच्या ठमीच्या, अंगावर कांजिण्या उठल्या. त्यानेच आणल्या, दुसरं कोण? आणि सूनबाईला पाचवा महिना. तिला लहानपणी कांजिण्या झाल्याच नाहीत म्हणे. बाळाला काही झालं तर?

४ तारीख

लाँड्रीत पोचायला उशीर, मुकादम बोलला. कमरेवरचा चटका अजून चरचरतोय. मागे इस्त्रीची वाफ लागली असणार. फोड वाळत आलेत. आजारी पडेपर्यंत ठमीच मलम लावायची, फुंकर घालून. गुणाची पोर.

५ तारीख

ठमीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. विचारलं, घशातून शिरलेली पीडा पाठीपोटावर पोचली कशी? म्हणाल्या, रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्या विषाणूला अडवायला जातात, तो त्यांच्याच आत घुसतो, आणि फिरता फिरता त्याच त्याला कातडीपर्यंत नेऊन सोडतात.

म्हटलं, आमचा वॉचमन बघितलाय का तुम्ही?

हसल्या. पण शेवटी बरं करणाऱ्याही पहारेकरी पेशीच, असं काहीतरी पुढे म्हणाल्या. ते मी सोडून दिलं. असले राखणदार ठेवायचेच कशाला!

सुनेचं रक्त तपासायला घेतलंय.

६ तारीख

सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यातच गाठलं. स्पष्ट म्हटलं, "रविवारपर्यंत सांगा, तो जातो की आम्ही जाऊ?" वॉचमन खालून म्हणतो, मावशी, दीड महिना मी रात्रपाळीला आहे, तुमची ठमी नजरेला पडली नाही. बहाणे!

सुनेच्या खोलीचा पहारा आता माझ्याकडे. दाराशीच गादी टाकलीय. ताट मी नेते, केस मी विंचरते, पाय मी चेपते. लेकालासुद्धा दारातून परतवलं. चिडला. चिडू दे. माझ्यावाचून माशी आत जाणार नाही.

७ तारीख

मी साडी बदलत असताना सुनेने माझी कमर बघितली. हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

वाफ नाही. नागीण! माझ्या लहानपणच्या कांजिण्या. बऱ्या झाल्या म्हणून विसरले, त्या इतकी वर्षं माझ्याच अंगात दडून बसल्या होत्या. फोडांना हात लावून ठमीने घेतल्या.

सुनेच्या रक्तात बचाव नाही, असा रिपोर्ट आला. लगेच इंजेक्शन दिलं. बाईंनी कसलीच खात्री दिली नाही. वाट बघा म्हणाल्या.

वॉचमनने दार उघडलं. मी वर बघितलं नाही.

८ तारीख

सून आतून, दार न उघडता —

"आई, राग मानू नका. रविवारपर्यंत सांगा, तुम्ही जाताय की मी जाऊ?"

उद्याच रविवार.