तक्रारीआधी तब्येतीची चौकशी

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार (तुम्ही उठू नका, नमस्कार बसूनच घ्या, गुडघा दुखेल). काकूंचा खोकला कसा आहे? इकडे माझी झोप उडाली आहे, बाकी क्षेम.

तुम्ही चाळीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहिता, आणि मी त्याच टेबलाखाली अक्षरं गिरवली, म्हणून हे तुम्हालाच सांगतो. आमचं न्यायभाषाशास्त्र (कायद्याची भाषा माणसांना कळते का, कुठला कागद कुणी लिहिला, असलं शोधणारं) देशभरच्या विद्यापीठांत सुरू करायचं की गुंडाळायचं, हे शुक्रवारी एक समिती ठरवणार आहे. त्यासाठी अकरा वर्षं मी जोडे झिजवले. आणि नेमकी सोमवारी समितीकडे माझ्याविरुद्ध निनावी तक्रार आली, टाइप केलेली, चार पानी. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमचंच शास्त्र ना? मग लेखक शोधा. सापडला तर विषय मंजूर, नाहीतर कपाटं रिकामी करा."

माझा संशय व्याकरणाच्या प्राध्यापकांवर होता (खरं सांगायचं तर आशाच होती). पण त्यांच्या लिखाणाशी एक ओळ जुळेना. मग तिसऱ्यांदा तक्रार वाचताना मी पहिल्याच ओळीवर अडलो. सुरुवातच अशी होती: 'विभागप्रमुखांची प्रकृती उत्तम असावी अशी सदिच्छा.' काका, तक्रार करण्याआधी समोरच्याची तब्येत विचारणारा माणूस मला एकच माहीत आहे. शिवाय दर परिच्छेदाला एक कंस.

विभागप्रमुख म्हणजे मी, हे गिऱ्हाइकाने तुम्हाला सांगितलं नसणार. ते गिऱ्हाईक कोण, हे तुम्ही सांगणार नाही आणि मी विचारणारही नाही. मला 'आळशी' म्हटलंत त्याचं काही नाही. पण 'यांना साधा अर्जही धड लिहिता येत नाही' हे मात्र फार लागलं.

माझी सहायिका हुशार आहे. लेखक अर्ज लिहिणारा असावा, इथवर ती पोचली आहे. उद्या-परवा तुमच्या टेबलापाशी पोचेल. तुमचं नाव दिलं तर निनावी कागद लिहिला म्हणून तुमचा परवाना जातो, नाही दिलं तर माझा विषय. शेवटी ठरवलं, शुक्रवारी सांगायचं की तक्रार मीच लिहिली, शास्त्राची परीक्षा घ्यायला. कंस मीही घालतो, तब्येत मीही विचारतो. खुर्ची जाईल, पण विषय राहील. तुम्ही काळजी करू नका, मी करतोच आहे.

तुमच्या टेबलाखालचा,
पुतण्या

ता. क. खुर्ची गेली तर टेबलाच्या पलीकडे एक स्टूल ठेवा.

आणखी एक ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी: समितीला माझी लेखी कबुली हवी, आणि तिची भाषा तक्रारीशी जुळायला हवी. ती तुम्हीच लिहून गुरुवारपर्यंत पाठवा. मी तीन मसुदे केले आणि कुणाचे ते न सांगता सहायिकेला दाखवले. ती म्हणाली, "सर, हा तो नव्हे. त्याला लिहिता येतं."