सरळ हिरवी रेघ

४ फेब्रुवारी, सकाळी सात
घूंऽऽ. डोळे मिटले की अजून ऐकू येतं. लग्नानंतर हिने आपल्या पहिल्या पगारातून रेडिओ आणला होता. बटण फिरवलं की आधी घूंऽऽ, मग पिवळा दिवा, मग माणसाचा आवाज. शाळेत कवितेच्या बाई कविता सुरू करण्याआधी अशाच घसा साफ करायच्या. आता रेडिओतला माणूस गेला, घूं तेवढी उरली.

ही म्हणते, दुरुस्तीवाल्याकडे द्या. मी म्हटलं, घरात जाणकार माणूस असताना? त्यावर ही जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो : "रविवारपर्यंत रेडिओ बोलला नाही तर मी लेकीकडे राहायला जाते. तिथे निदान वस्तू चालतात."

मला काळजी नाही. फक्त चहाची पूड कुठे असते ते एकदा विचारून ठेवायला हवं.

५ फेब्रुवारी, दुपार
इंटरनेटवर लेख सापडला. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. भलतंच महाग. पण कॉम्प्युटरच्या साउंडकार्डात, म्हणजे माइक खुपसायच्या भोकात, वायर घातली की तेच काम फुकटात. लेकीने मागे ठेवलेला कॉम्प्युटर आहेच. जुन्या हेडफोनची वायर कापली. (हेडफोन नवा होता, असं हिचं मत.) लेखाच्या शेवटी सूचना होत्या. मी नोकरीभर सूचनाच काढल्या. त्या वाचायच्या नसतात.

पडद्यावर हिरवी रेघ आली! आधी माइक लावून कविता म्हटली. भुजंगप्रयातात म्हटल्यावर रेघ खरोखर सापासारखी चालली. हिला बोलावलं. ही माइकसमोर म्हणाली, गॅस बंद करा. मुक्तछंद.

६ फेब्रुवारी, पावणेपाच
रेडिओआधी सोप्या गोष्टींवर हात बसवावा म्हणून टॉर्चचा सेल तपासला. वायर टेकवली, रेघ टुणकन उडाली आणि पुन्हा सरळ. मेलेला. रिमोटचा, मेलेला. भिंतीवरच्या घड्याळाचा, मेलेला, आणि तरी घड्याळ चालत होतं! याला म्हणतात नुसत्या सवयीवर जगणं. (यावर कविता होईल.) दारावरच्या घंटीचा, बिनतारी फोनचा, हिच्या कानातल्या यंत्राचा. एकजात मेलेले. म्हणजे इतके दिवस आमचा संसार प्रेतांच्या खांद्यावर चालला होता. सगळे कचऱ्याच्या गाडीत देऊन आलो. नवे उद्या.

हिला कानाच्या यंत्राचं चिठ्ठीवर लिहून दाखवलं. म्हणाली, घाई नाही, शांत वाटतंय. नंतर चष्मा मागितला तर चाकू आणून दिला.

७ फेब्रुवारी, पावणेपाच (घड्याळाप्रमाणे)
सेल आणायला गेलो नाही, कविता सुचली.

हिरवी रेघ सरळ चालली,
लाट तिची कुठे सांडली?

हिला म्हणून दाखवली. एरवी दुसऱ्या ओळीला हिला दूध आठवतं. आज माझ्या तोंडाकडे शेवटपर्यंत बघत बसली आणि म्हणाली, "छान." सगळ्या संसारात पहिल्यांदा! विज्ञानाने माणसं जवळ येतात, ती अशी.

लेकीचा फोन नाही. सकाळ-संध्याकाळ करणारी मुलगी. मुलं बदलतात. मोबाइल आम्ही ठेवत नाही. कवीला कुणीही कुठेही गाठू नये.

८ फेब्रुवारी, पावणेपाच
रेडिओ. स्पीकरच्या वायरी कापून थेट माइकच्या भोकात दिल्या. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. रेघ पडदाभर उसळली. काय ती लाट! मग टप्प. जळका वास. रेघ गेली. कॉम्प्युटर मुका, रेडिओही गप्प. निष्कर्ष : घुमण्याचा दोष शंभर टक्के गेला.

मन रमवायला लेखातल्या सूचना वाचल्या. मध्ये रेझिस्टर घातल्याशिवाय मोठा आवाज देऊ नये. शिवाय साउंडकार्डाला फक्त हलणारी वीज दिसते. सेलची वीज स्थिर, म्हणून चांगल्या सेलचीही रेघ सरळच येते. इतकी महत्त्वाची गोष्ट शेवटी? आमच्या बाई कवितेचा अर्थ आधी सांगायच्या. सगळे सेल जिवंत होते म्हणे. दोष लेखकाचा.

संध्याकाळी हिने रेडिओवर तळहात ठेवला. "पूर्वी हात ठेवला की थरथर लागायची," म्हणाली. मी कापलेल्या वायरी गोळा केल्या.

मग हिने कपाटावरची बॅग काढली.

९ फेब्रुवारी, रविवार, पावणेपाच
ठरवलं, कविता नको, सरळ गद्यात सांगायचं. ही साड्यांच्या घड्या घालत होती. समोर बसलो आणि म्हणालो, "जाऊ नकोस. तू गेलीस तर मला या घरात काही सापडायचं नाही. चहाची पूडसुद्धा."

हिने माझ्या तोंडाकडे शेवटपर्यंत बघितलं. हसली. म्हणाली, "छान."

परवाच्या 'छान'ची किंमत तेव्हा कळली.

इतक्यात दारावर धाडधाड. उघडलं तर ॲम्ब्युलन्सची दोन माणसं, हातात स्ट्रेचर. मागे शेजारचे वकील, घामाघूम. आमचा फोन लागेना म्हणून लेकीने त्यांच्याकडे धोशा लावला होता. ते कालपासून घंटी दाबताहेत, अंगठा दुखला म्हणाले. आत काहीतरी झालंय असं समजून शेवटी लेकीनेच ही गाडी पाठवली.

मी त्यांना साउंडकार्डातून स्थिर वीज का जात नाही ते समजावू लागलो. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यातल्या एकाने हिला विचारलं, पेशंट कोण?

हिला ऐकू गेलं नाही. पण स्ट्रेचर दिसलं. हिने बॅग बंद केली, उचलून पुन्हा कपाटावर ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यांना न्या," म्हणाली. "मी थांबते घरी."