घनश्याम पडद्यावर मरतो

॥ श्री ॥

मुंबई,
ता. १२ डिसेंबर १९६१

ती. सौ. इंदूताईस,
घनश्यामचे कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. म्हैस व्याली, तूर झकास आली, हे वाचून बरं वाटलं. मी खुशाल आहे. आता बातमी सांगतो, ती पाटावर नीट बसून वाच.

आजवर तुझा भाऊ सिनेमात काय करायचा, तर मोठ्या गुंडाच्या मागे हाताची घडी घालून उभा राहायचा. गुंड हसला की हसायचं, नायकाने ठोसा मारला की पडायचं. मागच्या सिनेमात तुला माझी फक्त पाठ ओळखू आली होती, आणि ती पाठसुद्धा दुसऱ्याच माणसाची होती, हे मी तुला सांगितलं नाही. या सिनेमात मात्र मला नाव आहे. बाबूलाल. अफूच्या अड्ड्यावर पडून राहणारा, पोलिसांचा मार खाणारा आणि शेवटी गटाराच्या काठावर मरणारा. घाबरू नकोस, आमच्या धंद्यात पडद्यावर मरायला मिळणं ही बढती असते. साध्या गुंडांना मरू देत नाहीत, नुसतं पळवून लावतात.

दिवाळीला सिनेमा इकडे लागला आणि लोकांना माझं काम आवडलं. नशेबाज करायला सांगितलं की बाकीचे नट दारुड्यासारखे झोकांड्या खातात. मी तसं केलं नाही. मला हे कुठून सुचलं असं दिग्दर्शकांनी विचारलं, तेव्हा देवाची कृपा म्हणून मी मोकळा झालो.

आपला जलाल टुरिंग टॉकीजचं मशीन चालवतो, त्याला मी लिहिलं आहे की सिनेमाच्या पेट्या हाती आल्या की आधी दिग्रसला तंबू ठोक. तू आणि तुझ्या सासूबाई धुरपताबाई जरूर जा. भाऊजींना सिनेमाचा मुळात कंटाळा, शिवाय त्यांची कंबर. त्यांना आग्रह करू नकोस.

धुरपताबाईंना साष्टांग नमस्कार. लोभ ठेवशील, आणि रागावलीस तरी थोडा शिल्लक ठेवशील.

तुझा,
घनश्याम

---

॥ श्री ॥

दिग्रस,
ता. ८ जानेवारी १९६२

चि. घनश्याम यास,
इंदूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुह्या पत्राचं उत्तर द्याले उशीर झाला. कापूस घरात येऊन राह्यला, वेचणाऱ्या बाया दारात, अन् मी एकटी. पाठ तुही नव्हती हे वाचून मले लय राग आला. त्या पाठीसाठी मी सगळ्या आळीले पेढे वाटले होते.

जलालचा तंबू कापसाच्या जिनाजवळच्या मैदानात लागला. परवा तो घरी जेवाले आला, भाकरीची चवड संपवली अन् म्हणे आता तुह्या भावाले मोठा करतो. पाटीवर त्यानं तुहं नाव नायकाच्या नावाहून मोठं रंगवलं. टांग्यावर भोंगा लावून दिवसभर गावात ओरडून राह्यले, का दिग्रसचे प्रतिष्ठित शेतकरी रामरावजी यांचे साळे घनश्याम यांचं जबरदस्त काम पाहा. ह्याईनं ते ऐकलं अन् छाती अशी फुगली का सदऱ्याची गुंडी तुटली. कंबरबिंबर काही नाही. स्वतःच म्हणाले का समोरच्या खुर्चीवर बसतो.

ह्याईचं म्हणशील तं तसंच चाललं. बैलजोडी घ्याची म्हणून पांढरकवड्याच्या बाजाराच्या चकरा. मी म्हटलं, दिग्रसच्या, पुसदच्या बाजारात बैल नाही काय? तं म्हणे तिकडची जात चांगली. इतक्या चकरा झाल्या पण एक बैल पसंत नाही पडून राह्यला. घरी आले का ओट्यावर बसते, डोळे मिटते, अन् कोणी हाक मारली का मी जागाच आहो म्हणते. तुले तं सगळं ठाऊकच आहे. तू दोन वर्षं ह्याच ओट्यावर अभ्यास केला.

येत्या शनिवारी आम्ही सगळे जाऊन राह्यलो. सासूबाईनं नवं लुगडं काढून ठेवलं. जपून राहा, अन् मुंबईची भाषा घरी लिहू नको.

तुही ताई,
इंदू

---

मुंबई,
ता. ११ जानेवारी १९६२
(कार्ड)

ती. ताईस सा. न.

पत्र आत्ता मिळालं. भाऊजींना नेऊ नकोस. सिनेमा अगदी टाकाऊ आहे. त्यात एक नाचही आहे, धुरपताबाईंच्या समोर बघण्यासारखा नाही. शिवाय तंबूत थंडी असते. जलालला सांग, मशीन बिघडलं म्हण. कारण विचारू नकोस, मागून लिहितो.

घाईत,
घनश्याम

---

॥ श्री ॥

दिग्रस,
ता. १५ जानेवारी १९६२

चि. घनश्याम यास आशीर्वाद.

तुहं कार्ड आज आलं. सिनेमा शनिवारी झाला. नाच काही वाईट नव्हता. वाईट काय होतं ते सांगते म्हणून हे लिहून राह्यली.

तंबू खचाखच भरला होता. कनातीच्या ह्या बाजूले आम्ही बाया, त्या बाजूले माणसं, अन् हे सगळ्याईच्या समोर खुर्चीवर, टोपी सरळ करून. पहिले तं मले तू ओळखूच आला नाही. मग पडद्यावरच्या त्या बाबूलालनं मनगटाच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं. तसं तं हे पुसते. मग त्यानं चहात साखर घातली, अजून घातली, अन् बशी चाटली. मग डोळे मिटले, अन् कोणी हलवलं तं म्हणे मी जागाच आहो.

माणसाईच्या बाजूनं हसण्याचा असा फुगा फुटला का बस. कोणी तरी मोठ्यानं ह्याईचं नाव घेतलं. मग तं थांबेच ना. सासूबाईले काही समजलं नव्हतं. त्याही पदर तोंडाशी धरून हसून राह्यल्या होत्या, मले कोपरानं ढोसून म्हणत होत्या का घनश्यामनं काय मजा केली बाई.

शेवटी तू गटारापाशी पडला अन् पोलीस लाथा मारू लागला. तसं सासूबाईचं हसू थांबलं. त्या उठून उभ्या राह्यल्या. मी लुगडं धरून ओढलं, पण त्याईनं कनात बाजूले सारली अन् पडद्यावरच्या पोलिसाले ओरडून सांगतलं का त्याले मारू नको, आजारी आहे तो, घरी पाठव. अन् मग हाक मारली. घनश्याम म्हणून नाही मारली रे. राम म्हणून मारली.

हे खुर्चीवरून उठले अन् कोणाकडे न पाहता निघून गेले. तेव्हापासून कोणाशी बोलून नाही राह्यले.

नऊ वर्षं झाली, गाडीवरून पडले तेव्हा कंबरेसाठी म्हणून कोणी तरी अफूची गोळी दिली, अन् ते दुखणं गेलं पण गोळी राह्यली. मी आपली झाकून ठेवत होती. विचारलं तं म्हणाची पित्त आहे, म्हणाची झोप नाही झाली. अन् सगळ्या गावाले ठाऊक होतं. हसाले त्याईले फक्त भोंगा लागला. तो तू दिला.

तुह्यावर रागवावं का रडावं, मले समजून नाही राह्यलं. माह्या घरचं अन्न खाताना तू ताटाकडे पाहत होता का ह्याईच्याकडे?

इंदू

---

॥ श्री ॥

मुंबई,
ता. २० जानेवारी १९६२

ती. सौ. ताईस,
घनश्यामचे शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर खोलीतच बसून राहिलो. ताटाकडेही पाहत होतो आणि भाऊजींकडेही. दोन्ही खरं आहे.

एकच सांगतो, मग हवं ते बोल. मी त्यांची टिंगल करायला गेलो नाही. आमच्या कथेत अफूबाज म्हणजे गुंडच, अड्ड्यावर चाकू काढणारा. मला वाटलं, मी तर असा एकच माणूस जवळून पाहिला आहे आणि तो मुंगीला बाजूला करून पाय टाकतो. बाबा मला मुंबईला येऊ देत नव्हते तेव्हा त्यांच्याशी दिवसभर वाद घातला तो भाऊजींनीच, आणि तोही डोळे मिटून. म्हणून माझा बाबूलाल कोणावर हात उगारत नाही. इकडे लोक त्याच्या मरणाला रडतात, ताई. हसत नाहीत. दिग्रसला हसतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण उशिरा.

सांगशील तर उद्याच्या गाडीने येतो आणि भाऊजींच्या पाया पडतो. मारलं तरी चालेल, मला मार खायची सवय आहे, तेच माझं पोट आहे.

तुझा,
घनश्याम

---

॥ श्री ॥

दिग्रस,
ता. ४ फेब्रुवारी १९६२

चि. घनश्याम यास,
रामरावचे आशीर्वाद.

तू ताईले लिहिलेलं पत्र माह्यासाठी नव्हतं, पण तिनं ते आईले चुलीपाशी मोठ्यानं वाचून दाखवलं अन् आमची भिंत पातळ आहे.

पहिले तुह्या कामाबद्दल. मी सिनेमा दुसऱ्यांदा पाहून आलो, जलालच्या मशीनपाशी बसून, कोणाले न दिसता. काम चांगलं केलं. मी मनगटानं नाक पुसतो हे मले ठाऊक नव्हतं. पुसदच्या लग्नात पंगतीत माह्यासमोरचे दोघं कायले हसून राह्यले होते ते आता समजलं.

पण एक चूक केली. त्या बाबूलालले तू घर नाही दाखवलं. तो गटारात पडते, पोलीस लाथ मारते, अन् कोणी येत नाही. मले त्याचा राग आला. असं कसं कोणी येत नाही? इथं माही माय, सत्तरीची बाई, भर तंबूत उभी झाली. मले लाज वाटली म्हणून मी निघून गेलो असं लोक म्हणतात. लाज तं वाटलीच. पण खरं म्हणजे तिची हाक ऐकल्यावर मले तिथं बसवेना.

आठ दिवसाईनं मी तुह्या बहिणीले सांगतलं का अफूचं सरकारी दुकान बंद झालं तेव्हापासून मी पांढरकवड्याले हमरस्त्यावरच्या एका ट्रकवाल्याकडून माल आणतो, बैल पाहाले जात नाही. तिनं पीठ मळता मळता म्हटलं का ठाऊक आहे, बैल पाहाले जाणारा माणूस एक दिवस तरी कासरा घेऊन जाते.

जलालनं मालकाची मोटार मागून मले यवतमाळले डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एकदम सोडाल तं जिवावर बेतेल, हळूहळू उतरवा, अन् औषध बायकोच्या हाती द्या. आता तुही बहीण रोज त्या औषधातून थोडं थोडं असं कापते का सोनारानं तिच्यापाशी शिकाले बसावं. पाय असे दुखते का आतून कोणी कापूस पिंजून राह्यलं. झोप नाही, अन्न नाही. परवा आईवर तांब्या फेकला. लागला नाही, पण फेकला. तू अफू खाणारा दाखवला, घनश्याम. सोडणारा नाही दाखवला. बरोबर केलं. हा तमाशा पाहाले कोणी तिकीट काढणार नाही.

तू इतक्यात येऊ नको. पाया पडाचंही काम नाही. मी उभा राहू लागलो का मग ये, म्हणजे पाया पडशील तं पाय थरथरताना दिसणार नाही.

कृपा असू दे म्हणाची रीत आहे. तू लहान, म्हणून म्हणतो का माया असू दे.

रामराव

---

॥ श्री ॥

दिग्रस,
ता. १० मे १९६२

चि. घनश्याम यास,
इंदूचे अनेक आशीर्वाद.

इतके दिवस मी दोन ओळीचेच कार्ड टाकत होती, कारण सांगण्यासारखं झालं का नाही हे मलेच समजत नव्हतं. आता लिहिते.

होळीच्या सुमारास एकदा घसरले. काही न बोलता घरून निघाले अन् मोटार स्टँडवर पांढरकवड्याच्या गाडीची वाट पाहत बसले. मी रडत बसली. पण सासूबाईनं काय करावं? गाठोडं बांधलं, स्टँडवर गेल्या अन् ह्याईच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. ह्याईनं विचारलं का तू कुठं? तं म्हणे तू जाशील तिथं, मले कधी कोणी पांढरकवडा दाखवला नाही. गाडी आली, गेली. मग दुसरी आली, गेली. कंडक्टर विचारून थकला. दुपारी दोघंही रसाचा ग्लास पिऊन घरी आले, अन् गाठोड्यात पाह्यलं तं नुसत्या गोवऱ्या.

आता औषधही बंद झालं. डॉक्टर म्हणाले का जपून राहा, पण सुटलं म्हणा. ट्रकवाला एकदा इकडे चौकशी करत आला होता, त्याले जलालनं अन् आळीतल्या पोट्ट्यांनी अशी वाट दाखवली का तो पुन्हा दिग्रसचं नाव घेणार नाही. गावातले लोक ह्याईले आताही बाबूलाल म्हणतात. पहिले चिडत. परवा कोणी हाक मारली तं म्हणाले, तो मेला, तुम्ही पाह्यलं नाही काय?

पण घनश्याम, माहे हाल काय सांगू. नऊ वर्षं ह्या घरात आवाज म्हणून नव्हता. काही वाढा, खाऊन घेत. आता भाजीत मीठ कमी, वरणाले फोडणी नाही, म्हशीले पाणी कोणी दाखवलं, दार कोणी उघडं ठेवलं. पहाटे उठून बोलाले सुरुवात, ते निजेपर्यंत. काल आम्ही दोघं चांगले भांडलो, शेजारीण पाहाले आली. ह्याईले थोडे दिवस मुंबईले घेऊन जा अन् त्या दिग्दर्शकाच्या पुढे बसव, त्यालेही समजू दे.

भांडण झाल्यावर मी विहिरीवर न्हाऊन केस वाळवत बसली होती. हे आले अन् पाठीमागे उभे राह्यले. मले वाटलं आता पुन्हा मिठाचं काढते. तं हळूच विचारलं का तुहे केस कधी पांढरे झाले?

मी म्हटलं झाले असतील, वय झालं. तं म्हणाले, मले कोणी सांगतलं काहून नाही.

नऊ वर्षं डोळे मिटून बसलेल्या माणसाले कोण सांगणार, म्हणून मी आधी हसली. मग गोठ्याच्या मागं जाऊन रडली.

उत्तर पाठवू नको, तूच ये. लोभ आहे, तो पत्रानं नाही वाढत, माणूस समोर लागते.

तुही ताई,
इंदू