क्रमांक तीनचे गुण

३ मार्च, सोमवार
पहाटे उठायचं ठरलं होतं. आठला उठलो. धारेला उशीर. चहा केला, साखर संपली होती. तसाच प्यालो.
घरात तीन गोऱ्हे आहेत. एक वळू म्हणून ठेवायचा, दोन विकायचे. सगळ्यांचं करणं एकट्याला जमत नाही. बायको होती, रेणुका, तेव्हा ती बघायची. पाडव्याच्या आत निकाल लावणार. नुसत्या डोळ्यांनी निवडलं की माया आड येते. गुरांच्या शिबिरात डॉक्टरांनी तक्ता दिलाय, रूपाचे पन्नास गुण, वाढीचे पन्नास. साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरी केली. काटा कुणाचा नसतो.
नावं वापरायची नाहीत. गुंडप्पा यापुढे क्र. ३.

५ मार्च, बुधवार
रूपाचे गुण दिले. तक्त्यात पहिलाच रकाना वृषणांचा. समोर अंगणात पलीकडच्या घरातली थोरली बहीण राजूअक्का तांदूळ निवडत बसली होती. तो शेवटी भरू.
क्र. १ रंगानं शेवरा, अंगभर काळे ठिपके, पाठ सरळ, छाती रुंद. क्र. २ बाळंक्या, पांढरा, पाय भक्कम. क्र. ३ वानेरा, अंग पांढरं, तोंडाच्या कडा काळ्या. पाठीला झोळ, बरगड्या दिसतात. याचंच डोकं मांडीवर घेऊन रेणुका पेंड भरवायची. त्याचा इथे संबंध नाही.
क्र. ३ शेवटचा आला. ऊन डोळ्यांवर होतं. परत बघणार.

७ मार्च
परत बघितलं, सावलीत. झोळ उभं राहायच्या सवयीमुळे वाटतो. तीन गुण वाढवले. तोंडाच्या काळ्या कडांचे दोन. बाकी दोघांना त्या नाहीतच, त्याला मी काय करणार.
अक्का म्हणाली, "काय रे शिवा, टेप घेऊन कामून फिरायलास? सदरा शिवायलास काय त्याला?"

१२ मार्च, बुधवार
शेजारच्या बंडेप्पाच्या टेम्पोतून तिघांना नाक्यावरच्या काट्यावर नेलं. आदल्या संध्याकाळी क्र. ३ ला मीठ चाटवलं होतं. पाणी भरपूर प्याला. उन्हाळा आहे, मीठ लागतंच. बाकीच्यांना द्यायचं राहून गेलं.
तरी तोच सगळ्यांत हलका.

१५ मार्च, शनिवार
डॉक्टर शिबिरात म्हणाले होते, नुसतं वजन धरू नका. वय, आईचं दूध, गोठ्यातली परिस्थिती बघून सूट द्या. दिली. क्र. ३ सगळ्यांत लहान, सूट. आई पहिल्या वेताची, दूध कमी, सूट. मागच्या पावसाळ्यात महिनाभर आम्ही दोघं गुलबर्ग्याच्या दवाखान्यात. मग मी एकटा परत आलो. गोठ्याकडे लक्ष नव्हतं, वाढ खुंटली. आणखी सूट. हे शास्त्रीय आहे.
बंडेप्पाला तक्ता दाखवला. तो म्हणाला, "अण्णा, त्या महिन्यात बाकीचे दोघं कुठं गेलते? लग्नाला?"
बंडेप्पाला शास्त्रात गती नाही.

१९ मार्च, बुधवार
तक्त्यात स्वभावाला गुण नाहीत. ही मोठी चूक. रकाना वाढवला. क्र. ३ हाक मारली की येतो, पूर्ण गुण. क्र. १ ने मोजताना लाथ मारली होती, शून्य.
एकूण बेरीज केली. क्र. ३ पहिला, एका गुणाने. अपेक्षा नव्हती. पण काटा कुणाचा नसतो.

२१ मार्च, शुक्रवार
क्र. १ आणि २ विकले. निंबर्ग्याच्या माणसानं दोन्ही घेतले. क्र. १ च्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "मालक, असला गोऱ्हा कामून विकायलाव? काही खोड हाय का?" म्हटलं, नाही, गुणांत दुसरा आला. त्यानं लगेच पैसे मोजले. मग घाईनं निघाला.
गोठा मोकळा वाटतो. काम कमी झालं. उद्यापासून पहाटे उठणार.

२७ मार्च, गुरुवार
डॉक्टर वळू बघायला आले. खाली वाकले, लगेच उभे राहिले. म्हणाले, एकच उतरलंय. असा वळू ठेवायचा नसतो, दोष पुढच्या पिढीत जातो. पहिला रकाना कोरा का, विचारलं. सांगितलं, अक्का अंगणात होती.
ते गेल्यावर अक्का म्हणाली, "मला मागंच ठाव होतं. रेणुकाला बी ठाव होतं."
म्हटलं, मग बोलली का नाहीस?
"तू इचारलास का? तू बेरजा करायलतास. ती म्हणायची, वळू न्हाई झाला तर न्हाई, पोट तर हाय न्हवं त्याला."
मी आत आलो.

३० मार्च, रविवार
पाडवा. यंदा आपल्याकडे गुढी नाही. अक्कानं पोळ्या पाठवल्या.
उद्या क्र. ३ बाजारात. नियम म्हणजे नियम. बंडेप्पाला टेम्पो सांगितला.

३१ मार्च, सोमवार
टेम्पो आला. परत पाठवला. ऊन फार होतं. बंडेप्पा म्हणाला, "अण्णा, सहा वाजायलेत सकाळचे." पुढच्या आठवड्यात बघू.
टेप गुंडाळून फळीवर ठेवली. संध्याकाळी पेंड भिजवली, रेणुका टाकायची तेवढाच गूळ टाकला. हाक मारायच्या आधीच गुंडप्पा आला. घमेलं पुढे ओढून खाली बसलो.